आपणही १८००चा नंबर घ्यावा का?

यंदाचं माहितीपत्रक छापायला टाकायच्या आधी आमच्या घरात मालाच्या भावापेक्षा जास्त बोलणं एका नंबरावर झालं. पहिल्या पानावर, पत्त्याच्या वर, ठळक अक्षरात १८००चा टोल फ्री नंबर द्यायचा का? धाकट्या भावाचं मत पक्कं आहे, द्यायचाच. माझं मत तेवढं पक्कं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसले. लिहिता लिहिता ते पक्कं झालं.

आमचं युनिट जळगावच्या एमआयडीसीत, अजिंठा रस्त्याच्या अंगाला. ठिबकचे फिल्टर, पाण्यात खत ओढून घेणाऱ्या व्हेंच्युरी, व्हॉल्व्ह आणि बारीकसारीक फिटिंग आम्ही करतो. मशीन आणि माल भावाकडे, हिशोब आणि फोन माझ्याकडे. ठिबकच्या धंद्यात जळगावचं नाव जगभर आहे. त्या नावाच्या सावलीत आमच्यासारखी लहान युनिटं बरीच आहेत, कुणी नळी काढतं, कुणी साचे बनवतं, कुणी नुसते गॅस्केट कापतं. सगळ्यांसमोर आज ना उद्या हा प्रश्न येतो.

भावाचं म्हणणं मी आधी नीट मांडते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणतो, बऱ्हाणपूर-खरगोनकडचा डीलर पहिल्यांदा आपला माल बघतो तेव्हा प्लास्टिकची जाडी नंतर बघतो, आधी कंपनी केवढी आहे ते बघतो. माहितीपत्रकावर कुणाचा तरी मोबाइल नंबर दिसला की त्याला वाटतं, एका माणसाचा कारभार आहे, उद्या हा माणूस फोन बंद करून बसला तर मी शेतकऱ्याला काय सांगू? १८०० दिसला की त्याला धीर येतो. शिवाय मध्य प्रदेशातला शेतकरी जळगावला फोन लावताना जरा बिचकतो, आणि फुकट आहे म्हटल्यावर लावून तरी बघेल. त्याचा शेवटचा मुद्दा मोठं होण्याचा. विप्रोसारखी कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरातच वनस्पती तेलाच्या कारखान्यातून उभी राहिली, आपण का लहानच राहायचं?

यातला डीलरचा मुद्दा मला मान्य आहे. फुकटाचा मुद्दा मात्र तपासून बघावा लागतो. त्यासाठी फोनचे पैसे कोण कधी भरत आलंय, ते आधी पाहू.

ग्राहकाच्या फोनचे पैसे दुकानदाराने भरायचे, ही सोय मुळात ग्राहकाच्या प्रेमापोटी निघालेली नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६७ साली ८००चे नंबर सुरू केले. त्याआधी ज्याला फोन केला त्याच्या खात्यावर पैसे टाकायचे तर मध्ये ऑपरेटरला बसावं लागे. तो विचारणार, पैसे तुम्ही भरता का, पलीकडचा हो म्हणणार, मग जोडणी. या कॉलचं प्रमाण वाढलं तेव्हा ऑपरेटरचं काम वाचवायला ही स्वयंचलित सोय आली. नंतर हॉटेलं, विमान कंपन्या, माल पोस्टाने पाठवणारे व्यापारी यांनी ती उचलून धरली. ब्रिटनमध्ये ०८००चे नंबर १९८५ साली आले. पण पुढे मोबाइल आले तेव्हा तिथल्या मोबाइल कंपन्या त्याच ०८०० नंबरांना पैसे लावायच्या. लोक ‘फुकट’ वाचून फोन करायचे आणि बिलात आकडा यायचा. ते बंद झालं १ जुलै २०१५ला. म्हणजे ज्यांच्या खिशात फक्त मोबाइल होता त्यांना तो नंबर कितीतरी वर्षं फुकट नव्हताच.

आपल्याकडेही एक काळ असा होता की पाकिटावर १८००चा नंबर असायचा आणि शेजारी बारीक अक्षरात, फक्त बीएसएनएल-एमटीएनएलवरून. बाकीच्यांसाठी खाली साधा नंबर. आता ती अडचण राहिली नाही. पण १८००चा भाऊ म्हणावा असा १८६० आहे, आणि तो फुकट नाही. त्याचे पैसे करणाऱ्याला लागतात. दिसायला दोन्ही सारखेच, आणि कितीतरी लोक दोन्हींना टोल फ्रीच म्हणतात. एखाद्या लहान धंदेवाल्याला कुणी स्वस्तात ‘कंपनीसारखा नंबर’ देत असेल तर पहिले चार आकडे बघून घ्यावेत.

आता आपला इतिहास. ज्यांनी एसटीडी बूथच्या बाहेर रांग लावली आहे त्यांना तो सांगायला नको. पिवळी पाटी, आत काचेची खोली, समोर लाल आकड्यांचं मीटर. आकडा चढताना बोलणं आपोआप आखडायचं. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा म्हणून लोक जेवून बूथवर जायचे. मग मोबाइल आला, आणि सुरुवातीची वर्षं तर आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे. मे २००३पासून ते थांबलं. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे असा नियम झाला आणि येणारा फोन फुकट झाला. खेड्यापाड्यांत मोबाइल खऱ्या अर्थाने शिरला तो त्यानंतर.

आणि त्याबरोबरच मिस्ड कॉल आला.

आमच्या बापूंनी तेव्हा दुकान टाकलं होतं. फिल्टर बनवत नव्हतो, दुसऱ्यांचे विकत होतो. रावेर, यावल, चोपड्याकडचे शेतकरी एक रिंग देऊन ठेवून द्यायचे. बापू लगेच वही उघडायचे. वहीत नंबरापुढे नाव नसायचं, गाव आणि पाणी लिहिलेलं असायचं. न्हावीची विहीर, सावद्याची ट्यूबवेल, हतनूरच्या कालव्यावरचा. कालव्याच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ, म्हणजे वाळूचा फिल्टर. ट्यूबवेल रेती ओढते, म्हणजे फिल्टरच्या आधी पाणी गरगरवून रेती वेगळी काढणारा हायड्रोसायक्लोन. नंबर दिसला की माणूस काय विचारणार हे बापूंना आधीच माहीत असायचं. ते उलट फोन लावायचे आणि त्याचं बिल दुकानाच्या खर्चात धरायचे. कुणी त्याला टोल फ्री म्हटलं नाही, पण ती टोल फ्री सेवाच होती. भाडं नाही, करार नाही, जो विचारतो त्याचा खर्च विकणाऱ्याने उचलायचा एवढं कबूल होतं. खानदेशातल्या कितीतरी दुकानदारांनी हे केलं. बियाणंवाले, मोटारी भरून देणारे, ट्रॅक्टरचे फिटर, सगळ्यांनी. पुढे बँकांनी आणि मोठ्या कंपन्यांनी ‘अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या’ अशा जाहिराती केल्या, तेव्हा ती युक्ती गावोगाव आधीच जुनी झाली होती.

मग सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि बोलणं अमर्याद झालं. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला कॉलमागे जे पैसे द्यावे लागत, तेही १ जानेवारी २०२१पासून शून्यावर आले. आज कुठलाही महिन्याचा रिचार्ज मारा, बोलणं त्यात धरलेलंच असतं. रावेरहून जळगाव काय आणि खरगोनहून जळगाव काय, सारखंच. मग फुकट नंबर देऊन आपण नेमकं काय फुकट देतो? ज्याच्या फोनमध्ये रिचार्ज आहे त्याच्यासाठी दहा आकडी नंबर आणि १८०० यांत पैशाचा फरक उरलेला नाही. भावाच्या मुद्द्यातला अर्धा भाग इथेच गळून पडतो.

अर्धाच. कारण रिचार्ज सगळ्यांकडे नसतो. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आमच्याकडे फोन करणाऱ्यांत एक बदल मला जाणवला. सालदार, वाटेकरी, म्हातारी माणसं यांचे फोन दुसऱ्याच्या नंबरावरून यायला लागले. ‘माझ्या फोनातलं संपलंय, पोराच्या फोनवरून लावतोय’. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्याला इंटरनेटचे पैसे नाहक पडू नयेत, म्हणून ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४मध्ये कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक काढायला सांगितलं. एवढ्या मोठ्या संस्थेला ही तरतूद करावी लागली, म्हणजे पैसे मोजून फोन लावणारे लोक अजून थोडे नाहीत. आणि शेतात रात्री मोटार चालू करायला जो जातो, तो बहुतेक वेळा यांच्यातलाच असतो. बागेचा मालक सावद्यात घरी असतो, पाणी सोडणारा बांधावर असतो, आणि फिल्टर तुंबलेला त्यालाच आधी कळतो.

इथे मला युरोपातली एक तरतूद फार पटते. तिथे २०११ साली ग्राहकहक्कांचा एक निर्देश निघाला आणि ब्रिटनमध्ये तो जून २०१४पासून लागू झाला. त्यात असं आहे की ज्याने तुमच्याकडून वस्तू घेतलेली आहे, त्याने त्या वस्तूबद्दल फोन केला तर साध्या कॉलपेक्षा जास्त पैसे त्याला पडता कामा नयेत. म्हणजे अजून घ्यायचं आहे तो गिऱ्हाईक वेगळा आणि घेऊन बसलाय तो वेगळा. आपण धंदेवाले नेमके उलटे वागतो. भाव विचारणाऱ्याचा फोन पहिल्या रिंगला उचलतो आणि तक्रारवाल्याला ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणतो. टोल फ्री नंबरही बहुतेकांना विक्री वाढवण्यासाठीच हवा असतो. मला तो हवा असेल तर ज्याने पैसे मोजून फिल्टर नेलाय त्याच्यासाठी हवा.

त्या माणसाचा फोन कसा असतो, ते सांगते.

मे महिना, पारा ४५च्या वर. केळीला या दिवसांत पाण्याचा खंड सोसत नाही, पानं माना टाकतात, घड उघडे पडून करपतात. शेतीची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असेल तर फोन अकराला येतो, बाराला येतो. पारोळ्याकडचा असेल तर म्हणतो, ‘ताई, पानी येस, पन पुढे जात नही.’ मी विचारते, फिल्टरच्या अलीकडच्या दाबाच्या गेजवर काटा कुठे आहे आणि पलीकडच्यावर कुठे? तो म्हणतो, थांबा, बॅटरी घेऊन बघून येतो. मग मी फोन धरून बसते. चपलांचा आवाज, कुत्रं, मोटारीची घरघर. तो परत येतो आणि आकडे सांगतो. दोन्हींच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक असेल तर जाळी तुंबलीय, मोटार बंद करा, झाकण काढा, जाळी धुवा. फरक नसेल आणि दोन्हीकडे दाब कमी असेल तर दोष फिल्टरचा नाही, पाणी उतरलंय किंवा मेनलाइन कुठे तरी फुटलीय. दोन्हीकडे दाब चांगला आहे आणि तरी शेवटच्या ओळीत पाणी नाही, तर नळीची टोकं उघडून आधी गाळ सोडा, आणि क्षाराने छिद्रं बुजली असतील तर ॲसिड सोडावं लागेल, पण ते दिवसा, मी सांगते तसं, हातमोजे घालून. दर वेळी बोलणं लांबतं. त्यातला बराच वेळ कुणी बोलतच नसतं, नुसतं चालणं असतं.

१८००च्या नंबरावर हाच कॉल आला असता तर? त्या नंबराला भाडं असतं आणि येणाऱ्या कॉलचे मिनिटामागे पैसे नंबर घेणाऱ्याला लागतात. सुरुवातीला काही मिनिटं पॅकमध्ये मिळतात, ती संपली की मीटर. म्हणजे तो बॅटरी शोधत बांधावरून चालतोय आणि इकडे आमचं मीटर पळतंय. पैसे फार नसतील. आमच्यासारख्याला झेपतील एवढेच असतील. पण मला भीती पैशाची नाही. ज्या कामात मिनिटं मोजली जातात त्या कामात माणूस घाई करायला लागतो. मी नाही केली तर उद्या माझ्या जागी बसणारी मुलगी करेल, कारण महिन्याच्या शेवटी तिच्यासमोर बिल येईल. ‘बघून ठेवा आणि परत फोन करा’ असं ती म्हणेल, आणि तो परत करणार नाही. तो रात्रभर तसाच मोटार चालू ठेवेल. पूर्वी बूथमधल्या लाल आकड्यांनी बोलणाऱ्याचं बोलणं आखडायचं, तेच मीटर आम्ही ऐकणाऱ्याच्या कानाशी आणून ठेवू. साध्या मोबाइलवर आज दोघांपैकी कुणाचंच मीटर चालत नाही. इतकी निवांत सोय फोनच्या इतिहासात कधी नव्हती, आणि लहान धंद्याने ती हातची घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

फोटोचंही तसंच. निम्मे प्रश्न आज तुटलेल्या भागाच्या फोटोवर सुटतात. कोणता गॅस्केट, किती इंची व्हॉल्व्ह, वॉशर उलटा बसलाय का, हे फोनवर सांगता सांगता जीव जातो आणि व्हॉट्सॲपवर क्षणात दिसतं. ज्या नंबरावर बोलला त्याच नंबरावर फोटो टाकता आला पाहिजे. शेतकऱ्याला दोन नंबर लक्षात ठेवायला लावू नये.

आता टोल फ्री नंबरावर आधी बोलणाऱ्या मशीनच्या आवाजाबद्दल. मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉम्प्रेसरसाठी मीच एका कंपनीच्या टोल फ्री नंबरावर फोन केला होता. फोन फुकट होता. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन. मराठी नव्हतीच. मग विक्रीसाठी एक, सेवेसाठी दोन, मग यंत्राचा अनुक्रमांक टाका, मग संगीत. शेवटी जी मुलगी बोलली ती फार चांगलं बोलली, पण तिच्यासमोर कॉम्प्रेसर कधी आलेला नव्हता. तिने तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी परत फोन केला तर दुसरी मुलगी, पुन्हा पहिल्यापासून सगळं. रुपया लागला नाही, पण यंत्र उभं होतं आणि कामगार बसून होते. ही किंमत कुठल्या बिलात येत नाही. गिऱ्हाइकाला फोनचा खर्च आज त्या काही पैशांत पडत नाही, तो थांबण्यात पडतो आणि तेच तेच सांगण्यात पडतो. तो खर्च वाचवणारा नंबर खरा फुकट.

हे नीट जमू शकतं याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, जानेवारी २००४पासून चालू आहे. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, शेतकऱ्याच्या भाषेत, आणि पलीकडे शेतीचं शिक्षण घेतलेला माणूस. करपा पडला, फुलकिडे आले, काय फवारू, असं आमच्याकडचे लोक तिथे विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं. तिथे नंबर फुकट आहे हे चांगलंच आहे, पण तो चालतो तो पलीकडच्या माणसामुळे. सरकारला तो खर्च परवडतो, कारण तो देशभर वाटला जातो. आमच्या फिल्टरचा कोणता नट कोणत्या बाजूने फिरतो, हे मात्र तिथे कुणी सांगू शकत नाही. ते आम्हीच सांगायचं.

कायदाही बघितला. पाकीटबंद मालासाठी २०११चे जे वैधमापनाचे नियम आहेत, त्यांत ग्राहकाने तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि ईमेल वेष्टनावर छापणं बंधनकारक आहे. फोन टोल फ्रीच हवा असं त्यात नाही. तरी कितीतरी मालावर हा मजकूर इतका बारीक असतो की चष्मा लावून वाचता येत नाही, आणि वेष्टन तर पहिल्याच दिवशी चुलीत जातं. शेतात उरतो तो फक्त फिल्टर.

आणि वेष्टन गेल्यावर माणूस नंबर शोधतो कुठे? मोबाइलवर. तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पसरलेले आहेत. कंपनीचं नाव टाकलं की भलताच नंबर वर येतो, पलीकडचा गोड बोलतो, एक ॲप टाकायला सांगतो किंवा ओटीपी विचारतो आणि खात्यातले पैसे जातात. असं घडलं तर लगेच १९३०वर फोन करायचा असतो, जितका लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. गावात हे सगळ्यांना सांगत राहिलं पाहिजे. पण आमच्यासारख्याच्या हातात याहून मोठं काम आहे. आपला खरा नंबर ग्राहकाला शोधावाच लागू नये, एवढं तर आम्ही नक्की करू शकतो. १८०० असल्याने ही फसवणूक टळत नाही. उलट खोट्या नंबरवाल्यालाही लोक ‘कंपनीचा असेल’ म्हणून चटकन मानतात, कारण कंपनीचा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नसतो. ज्याने चार वेळा माझ्याशी किंवा भावाशी बोलून फिल्टर सुरू केलाय, त्याला कुणी आमच्या नावाने ओटीपी मागितला तर तो आधी आम्हालाच फोन करतो. असे फोन आलेले आहेत.

डीलरचा मुद्दा राहिला, आणि त्यात भाऊ बरोबर आहे. नंबर एका माणसाच्या खिशात असणं हे लहान धंद्याचं खरं दुखणं आहे. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ मोटारीचे स्टार्टर बनवायचे. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चालायचा. ते गेले आणि त्यांचा मोबाइल काही दिवस घरात वाजत राहिला, मग रिचार्ज संपला, पुढे तो नंबर कुणा दुसऱ्याच्या नावे चालू झाला. मुलं धंदा चालवत होती, माल तोच होता, पण शेकडो स्टार्टरवर चिकटवलेला नंबर आता अनोळखी माणूस उचलत होता. त्या मुलांचं नुकसान झालंच, पण ज्यांच्या विहिरीवर ते स्टार्टर होते त्यांचं जास्त झालं. नंबर धंद्याचा पाहिजे, माणसाचा नको, आणि माणसं बदलली तरी तो तोच राहिला पाहिजे. १८०० हे काम करतो. त्यावर आलेला फोन आज माझ्या, उद्या भावाच्या, परवा कारखान्यातल्या फिटरच्या मोबाइलवर वळवता येतो. पण हेच काम फर्मच्या नावाने घेतलेलं, फर्मच्या पैशाने रिचार्ज होणारं आणि कुणाच्याही वैयक्तिक वापरात नसलेलं सिमकार्डही करतं. सिम फर्मच्या नावावर काढायला कागदपत्रं थोडी जास्त लागतात, एवढंच.

म्हणून भावाशी बोलून ठरलं ते असं. आत्ता १८०० घ्यायचा नाही. फर्मच्या नावाचा एक दहा आकडी नंबर, त्यावरच व्हॉट्सॲप. तो नंबर चिकटवायचा नाही, साच्यात कोरून फिल्टरच्या झाकणावर उठवायचा, म्हणजे ऊन-पाऊस-खताने जाणार नाही आणि अंधारात बोटांना लागेल. साच्यात फेरफार करायला खर्च येतो आणि एकदा कोरल्यावर नंबर बदलता येत नाही. भावाला याचीच काळजी वाटली. मला मात्र ते बंधन हवंच आहे. ज्याच्या शेतात आपला फिल्टर आठ-दहा वर्षं राहणार, त्याला तेवढी वर्षं तोच नंबर लागला पाहिजे. मिस्ड कॉल आला तर रिंग एक असो की अर्धी, त्याच दिवशी उलट फोन जाईल, आणि बापूंच्या वहीसारखी नोंद आता मोबाइलमध्ये ठेवायची. गाव, पाणी, कोणता फिल्टर, मागच्या वेळी काय झालं होतं. मी नसले तरी उचलणाऱ्याला पहिल्यापासून विचारावं लागू नये.

डीलरसाठी भाऊ माहितीपत्रकात एक पान वाढवतोय. त्यावर फोन उचलणाऱ्या तिघांची नावं आणि वेळा. मला वाटतं बऱ्हाणपूरच्या डीलरला याने १८००पेक्षा जास्त धीर येईल. पटलं नाही तर तो सांगेलच.

१८००चा विचार मी कायमचा सोडलेला नाही. तो घ्यावा लागेल तो सातपुड्यासाठी, असं मला आता स्पष्ट दिसतंय. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा-यावलच्या वरच्या अंगाचे पाडे. तिथे हल्ली ठिबक चढायला लागलंय. मिरची, भाजीपाला, कुठे कुठे स्ट्रॉबेरीसुद्धा. रेंज तुटकी, रिचार्ज अनियमित, आणि फोन घरात एखादाच. तिथे टोल फ्री नंबराचा खरोखर उपयोग आहे. जो माणूस ‘संपलंय’ म्हणून फोनच करत नाही, त्याचे पैसे आम्ही भरायचे, आणि मिनिटं न मोजता भरायचे. पण त्या नंबरावर मी बसून चालणार नाही. मला पावरी येत नाही, भिली येत नाही. तिकडून आजवर जे थोडे फोन आले त्यांत समोरचा माणूस मराठीत शब्द शोधत होता आणि मी त्याची अडचण अंदाजाने ओळखत होते. त्यामुळे आधी तिथला एखादा मुलगा किंवा मुलगी कारखान्यात येईल, फिल्टर उघडून जोडायला शिकेल, दोन हंगाम आमच्या फिटरबरोबर शेतांवर फिरेल, आणि मग त्यांच्या हातात तो फोन जाईल. नंबर त्यानंतर घ्यायचा. शहाद्याच्या डीलरला मी अशी मुलं सुचवायला सांगितलंय. पावसाळ्याआधी कुणी आलं तर मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळीच्या, लागवडीपासूनच शिकायला सुरुवात करता येईल.